‘ओटी’ कवितेतली आई शेवटी हात मागे का घेते?

गावभागातली:
विश्रामबागला आमचा छोटा वाचनकट्टा आहे. महिन्यातून एकदा जमतो, एक कविता मोठ्याने वाचतो आणि तिच्यावर बोलतो. या वेळी कट्ट्यावरच्याच एका मैत्रिणीची कविता घेतली होती. तिने आधीच बजावलं, "अर्थ मला विचारायचा नाही, तुम्हीच काढा." शेवटच्या ओळींवरून असे दोन तट पडले की नऊ वाजून गेले तरी कुणी उठेना. तिला विचारून कविता इथे देते आहे.

*ओटी*

*सुपात तांदूळ । हळदीची वाटी*
*भरायाला ओटी । मामी आली*

*आई माझी उभी । कोठीच्या दाराशी*
*पदर तोंडाशी । धरुनिया*

*नाही कुणी तिला । तिथे अडविलं*
*पाऊल राहिलं । आपसूक*

*आता माझ्या लेकीचं डोहाळजेवण.*
*हॉल घेतलाय, खुर्च्यांना गुलाबी फिती.*
*मागच्या रांगेत दोन आज्या,*
*एकीच्या मांडीवर दोघींच्या पिशव्या.*
*फोटोवाला म्हणतो, आजीला पुढे घ्या.*
*मी सूप घेऊन आईपाशी जाते.*
*म्हणते, पहिली ओटी तू भर,*
*माझ्या लग्नात राहिली होती, तीही.*

*आई तांदळात हात घालते,*
*मूठ भरते,*
*आणि भरली मूठ तशीच मागे घेते.*
*थांब, म्हणते.*
*"तुझी सासू कुठं?*
*तिलाही बोलव."*

एक तट म्हणतो, आई घाबरली. विधवेने ओटी भरायची नाही हे इतकं अंगात मुरलंय की लेकीच्या सासूची संमती असल्याशिवाय तिला मूठ सोडवत नाही. दुसरा तट म्हणतो, अजिबात नाही, ती सासूला मान देतेय. मला दोन्ही अर्थ अपुरे वाटतात. तुम्हाला काय दिसतं?

वारणेची_लेक:
घाबरलीच आहे, त्यात शंका काय? माझ्या थोरल्या मावशीला भाचीच्या लग्नात आम्ही सगळ्यांनी मिळून पुढे केलं. हळद लावायची होती. तिने बोट हळदीत बुडवलं आणि नवरीच्या गालापर्यंत नेलं, पण टेकवेना. तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "असू दे, मनातनं लावली म्हणजे झालं." ते बोलणारी बाई वाईट नव्हती, तिला मावशीची सुटका करायची होती. पण मावशीचं बोट तसंच राहिलं. नंतर तिने ते पदराला पुसलं. कविता वाचली आणि मला तो पिवळा डाग दिसला.

कराडचे_मास्तर:
अर्थाआधी बांधणी पाहू. पहिली तीन कडवी मोठ्या अभंगाची आहेत. सहा, सहा, सहा आणि चार अक्षरं, दुसऱ्या-तिसऱ्या चरणाला यमक: वाटी-ओटी, दाराशी-तोंडाशी, अडविलं-राहिलं. मोजून घ्या, एक अक्षर इकडेतिकडे नाही. "आता माझ्या लेकीचं" इथे छंद सुटतो. हॉल, फोटोवाला, फिती हे सगळं मुक्तछंदात येतं. रीत जिथे घट्ट होती तिथे अक्षरंही बांधलेली, रीत सैल झाली तशी ओळ सैल. हे ठरवून केलेलं आहे.

माणदेशी_गडी:
मास्तर, अक्षरं मोजा तुम्ही, मला आधी हे सांगा की ओटी तांदळानं का? आमच्या आटपाडीकडं गव्हानं भरत्यात.

कृष्णामाई:
@माणदेशी_गडी, आमच्याकडे लग्नात तांदूळ आणि सणावाराला गहू. घराघरात वेगळं असतं. पण हळदीची वाटी मात्र आमची हं! सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, तेव्हा कवितेतल्या वाटीवर कुणी हक्क सांगू नये.

माणदेशी_गडी:
हळद घ्या तुमची. डाळिंब ओटीत घातलं की आमचं पण नाव लागतंय.

जावळीकर:
विषयावर येतो. मी पुरुष असून बोलतोय, पण बोलायला हवं.

माझे वडील मी कॉलेजात असताना गेले. माझ्या बायकोचं डोहाळजेवण मेढ्याला घरीच केलं. मी आधीच ठरवलं होतं की पहिली ओटी आई भरेल. कुणाला सांगितलं नाही, आईलाही नाही. ऐन वेळी सगळ्यांसमोर तिच्या हातात सूप दिलं. तिने भरली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मला फार भरून आलं. रात्री भांडी आवरताना ती एवढंच म्हणाली, "आधी सांगायचंस की रे. मी चांगलं लुगडं तरी नेसले असते."

आज इतक्या वर्षांनी ही कविता वाचताना मला त्या लेकीचीच काळजी वाटते. "पहिली ओटी तू भर" हे सूप पुढे करून, भर हॉलमध्ये, फोटोवाल्यासमोर म्हणायचं? आईने मूठ मागे घेतली ती भीतीने नाही. तिला वेळ हवा होता. आपण बदल घडवतो तेव्हा ज्याच्यासाठी घडवतो त्याला आधी विचारत नाही. ती "थांब" म्हणते, कवितेत सगळ्यात मोठा शब्द मला तो वाटतो.

वारणेची_लेक:
@जावळीकर दादा, तुमच्या आईंचं वाक्य वाचून थांबले. पण एक विचारू? आधी विचारलं असतं तर त्या हो म्हणाल्या असत्या का? माझ्या आईला मी चार वेळा विचारलं, चारही वेळा "नको गं बाई, लोक काय म्हणतील". विचारत बसलं तर आणखी एक पिढी कोठीच्या दाराशी जाईल.

जावळीकर:
कदाचित नसत्या म्हणाल्या. तरी विचारायला हवं होतं असंच मला वाटतं. नाही म्हणायचा हक्कही तिचाच.

यवतेश्वर:
दोघांचं बरोबर आहे, आणि म्हणूनच तिसरं कडवं पुन्हा वाचा. "नाही कुणी तिला तिथे अडविलं." कवयित्री मामीला दोष देत नाही, आजीला देत नाही, भटजींना देत नाही. अडवणारं कुणी नसताना पाऊल आपसूक राहतं. रूढी अशीच चालते. दारात पहारेकरी लागत नाही. ज्याला बाहेर ठेवायचं तोच स्वतःवर पहारा देतो. जी आई तेव्हा आपसूक थांबली तीच शेवटी स्वतःच्या तोंडाने "थांब" म्हणते. पहिलं थांबणं न बोलता, दुसरं बोलून. एवढा प्रवास कवितेत झालाय. हरण्याची कविता कशी म्हणायची?

गावभागातली:
@यवतेश्वर, हे आमच्या कट्ट्यावर कुणालाच दिसलं नव्हतं. थांबणं दोनदा आहे!

शिरोळचा_शेजारी:
इथे हेरवाडची आठवण काढली नाही तर चुकल्यासारखं होईल. आमच्या शिरोळ तालुक्यातलं गाव, सांगलीहून लांब नाही. ४ मे २०२२ ला तिथल्या ग्रामसभेने ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र आणि जोडवी काढायची नाहीत. राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीचं ते वर्ष होतं. त्याच महिन्यात राज्याच्या ग्रामविकास विभागाने परिपत्रक काढलं आणि इतर ग्रामपंचायतींनीही हा कित्ता गिरवावा असं सांगितलं. पुढे बऱ्याच गावांनी ठराव केले.

पाटणची_सून:
ठरावाचं मोल मोठंच आहे, ते कमी लेखत नाही. पण बघा, ठरावात काय काय आहे? पुसायचं नाही, फोडायचं नाही, काढायचं नाही. हे सगळं त्या एका भयंकर दिवसाबद्दलचं. त्यानंतरच्या तीस-चाळीस वर्षांचं काय? संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत गल्लीत हळदीकुंकू चालू असतं आणि माझ्या सासूबाई त्या दिवसांत संध्याकाळी दार लोटून घेतात. कुणी बोलवत नाही असं नाही. मी स्वतः बोलावते. त्या म्हणतात, "तू जा, मी दूध बघते." दूध केव्हाच तापून झालेलं असतं. कविता या उरलेल्या वर्षांची आहे. ओटी, वाण, हळद, बारशाला पाळण्याची दोरी ओढणं, अशा बारीकसारीक जागा, जिथे ठराव पोचत नाही.

मी यंदा काय केलं ते सांगते. घरच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून पुस्तकं आणली आणि ती सासूबाईंच्या हाताने द्यायला लावली. हळद-कुंकू मी लावत होते, पुस्तक त्या देत होत्या. पहिल्या दोघीतिघींना त्यांनी पुस्तक टेबलावर ठेवून दिलं, म्हणजे हाताला हात लागू नये. मग आमच्या शेजारच्या काकूंनी ते टेबलावरून न उचलता हात पुढे धरून ठेवला. धरूनच ठेवला. तेव्हा कुठे सासूबाईंनी हातात दिलं. पुढची सगळी पुस्तकं हातात गेली.

कृष्णामाई:
शेजारच्या काकूंना माझा नमस्कार सांगा.

मिरजवाली:
मी मिरजेची, दर्ग्याजवळ माहेर. आमच्यात सातव्या महिन्यात सतवासा करतात, गोद भरतात, फळं-मेवा घालतात. कविता वाचून अम्मीला अर्थ सांगितला. ती म्हणाली, आपल्यातही पहिलं फळ घालायला सुहागन बघतात, कुठल्या किताबात तसं लिहिलेलं नाही, पण बघतात. माझ्या सतवाशाला नानीने फळ घातलं नव्हतं हे मला आज कळलं. तेव्हा लक्षातच आलं नाही. फोटो काढून बघितले. नानी एकाही फोटोत नाही.

कराडचे_मास्तर:
@मिरजवाली, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. म्हणूनच कवितेत फोटोवाला आहे. तो बाहेरचा माणूस, त्याला रीत ठाऊक नाही. "आजीला पुढे घ्या" हे घरातल्या कुणाला सुचलं नाही, त्याला सुचलं.

साखरवाडी:
वेगळं मत मांडतो, रागावू नये. मला कविता आवडली, पण सगळ्या जुन्या रीतींकडे आपण अन्याय म्हणूनच बघायला लागलोय. ओटी भरणं ही मुळात किती सुंदर गोष्ट आहे. बाईने बाईच्या पदरात धान्य घालायचं. माझी आजी जात्यावर बसली की ओव्या म्हणायची, त्यात माहेर, भाऊ, आई हेच असायचं. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वां यांनी खेडोपाडी फिरून अशा लाखभर ओव्या जमवल्या, म्हणून त्या राहिल्या. जातं गेलं आणि गाणंही गेलं. हॉलमधल्या गुलाबी फितींनी त्या जागी काय दिलं?

यवतेश्वर:
@साखरवाडी, कविता रीत मोडायला निघालेलीच नाही. लेक म्हणते "ओटी भर". नको भरू म्हणत नाही. सूप तेच, तांदूळ तेच. फक्त कुणाचा हात, एवढंच बदलायचं आहे. आणि ओव्यांत नुसतं माहेराचं कौतुक नव्हतं, बायकांनी सासुरवास, मारहाण, नवरा गेल्याचं दुःख सगळं त्यात सांगितलं. पहाटे ऐकायला कुणी नसायचं म्हणून सांगता आलं.

साताऱ्याचे आहोत तर आणखी एक सांगतो. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या पत्नी लक्ष्मीबाई. बोर्डिंगातल्या पोरांच्या पोटासाठी त्यांनी अंगावरचे दागिने दिले आणि शेवटी मंगळसूत्रही दिलं. त्या काळात नवरा हयात असताना मंगळसूत्र उतरवणं म्हणजे काय, याचा विचार करा. त्या कुणाच्या पोरांच्या आई नव्हत्या का? सौभाग्याच्या खुणेपेक्षा पोरांची भूक मोठी, हे त्यांनी कुठल्याही कवितेशिवाय ठरवलं.

साखरवाडी:
लक्ष्मीबाईंचं उदाहरण पटलं. फितींबद्दल माझं मत कायम.

माणदेशी_गडी:
फितींबद्दल मी साखरवाडी साहेबांच्या बाजूला. खुर्चीला कशाला पाहिजे फीत? खुर्ची काय गरोदर हाय का?

वारणेची_लेक:
😂 आता परत कवितेकडे. मला एक कळत नाही. "तुझी सासू" म्हणजे कोण? ज्या लेकीचं डोहाळजेवण आहे तिची सासू का? म्हणजे यजमानीण?

पाटणची_सून:
नाही. आई बोलतेय ती कवितेतल्या "मी"शी. म्हणजे "मी"ची सासू. लेकीची सासू असती तर "विहीणबाई" म्हटलं असतं. "मी"ची सासू म्हणजे गरोदर मुलीच्या वडिलांची आई. म्हणजेच…

अगं बाई. म्हणजेच मागच्या रांगेतली दुसरी आजी!

गावभागातली:
थांबा थांबा. "मागच्या रांगेत दोन आज्या."

पाटणची_सून:
हो ना! एक आईची आई, एक वडिलांची आई. दोघी मागे. एकीच्या मांडीवर दोघींच्या पिशव्या. सासूही विधवाच आहे. लेक सूप घेऊन स्वतःच्या आईकडे गेली, पण शेजारी बसलेली सासू तिला दिसलीच नाही. आईला दिसली. आई संमती मागत नाहीये आणि मानही देत नाहीये. ती म्हणतेय, मला एकटीला पुढे नेऊ नकोस, माझ्या शेजारी बसलीय तिलाही ने.

जावळीकर:
वाचून बराच वेळ गप्प होतो. माझ्या बायकोची आजी त्या दिवशी आमच्याच घरात होती. तीही तशीच. तिला कुणी सूप दिलं नाही, मीही नाही.

साखरवाडी:
एक शंका. शेजारीच बसली असेल तर "कुठं" असं का विचारेल? आणि मागच्या रांगेत म्हाताऱ्या माणसांना पंख्याखाली बसवतात, त्यावरून विधवा कसं ठरवायचं?

पाटणची_सून:
"कुठं" याचं उत्तर माझ्याकडे आहे. फोटोवाला "आजीला पुढे घ्या" म्हणाल्यावर दुसरी आजी उठून गेली असणार. माझ्या सासूबाई असंच करतात. फोटोची वेळ आली की त्यांना नेमकं पाणी प्यायचं असतं. पंख्याबद्दल मात्र मी पैज लावणार नाही, कवितेत तसं स्पष्ट लिहिलेलं नाही.

कराडचे_मास्तर:
आता माझं ऐका. शेवटच्या दोन ओळींची अक्षरं मोजली. तु-झी-सा-सू-कु-ठं, सहा. ति-ला-ही-बो-ल-व, सहा. मधला सगळा मुक्तछंद ओलांडून आईच्या तोंडी पुन्हा अभंग आलाय! पण कडवं पुरं नाही. सहा आणि सहा झाले, पुढचे सहा आणि चार दिलेलेच नाहीत. कविता कडव्याच्या मधोमध संपते. म्हणजे आई जुन्या लयीतच बोलते, ती रीत टाकत नाही, पण तिचा शेवट अजून व्हायचा आहे. पाटणच्या ताईंचा अर्थ मला म्हणूनच जास्त पटतो. भीतीने माघार असती तर कडवं पुरं करून कविता मिटली असती.

यवतेश्वर:
मास्तर, दंडवत. मग यमकही द्यायला हवं: "बोलव"ला जुळणारं.

कृष्णामाई:
मी पूर्ण करते:
*तुझी सासू कुठं । तिलाही बोलव*
*मुठीला मिळव । मूठ तिची*

माणदेशी_गडी:
*तुझी सासू कुठं । तिलाही बोलव*
*फोटोला थांबव । माणसाला*
मोजा मास्तर!

कराडचे_मास्तर:
सहा आणि चार, पास. कृष्णामाईंचंही पास, आणि त्यांची मूठ मला फार आवडली.

मिरजवाली:
*मांडीची हलव । पिशवी ती*
माझ्या नानीसाठी. तिची पिशवी कायम मांडीवर असते.

वारणेची_लेक:
सगळ्यांचं सुंदर आहे, पण कडवं पुरं करू नये असं मला वाटतं. मी सुरुवातीला ठामपणे "घाबरली" म्हटलं होतं. आताही म्हणते की भीती त्या मुठीत आहेच, दोन्ही आहे. सासूला हाक मारताना आईला धीरही हवा असेल. एकटीने पहिली मूठ टाकायची आणि उद्या काही बरंवाईट झालं तर बोट तिच्याकडेच जाणार, हे त्या पिढीला पक्कं ठाऊक असतं. दोघी असतील तर निदान दोष वाटला जातो. हे सोबत मागणं आहे, आणि त्यात भीती नाही असं म्हणून आपण त्या बाईला उगाच देवी करू नये.

जावळीकर:
हे मान्य. माझी आई देवी नव्हती, तिला चांगलं लुगडं हवं होतं.

गावभागातली:
सगळ्यांचे मनापासून आभार. माझं आता असं झालंय: आई मूठ मागे घेते कारण लेकीने आणलेला मान एकटीचा आहे आणि तिला तो एकटीने नको. वारणेच्या लेकीने सांगितलेली भीतीही त्यात धरते. आमच्या दोन्ही तटांनी सासूकडे मुलाची आई, मानाची बाई म्हणूनच पाहिलं, ती कुठे बसलीय हे पाहिलंच नाही.

पुढच्या कट्ट्यावर सगळे अर्थ वाचून दाखवणार आहे, मिरजवालीच्या नानीच्या फोटोंसकट, तिची हरकत नसेल तर. साखरवाडी साहेबांची पंख्याची शंकाही वाचेन.

मिरजवाली:
हरकत नाही. नानीला विचारून सांगते पण.

साखरवाडी:
माझी शंका वाचाच. आणि जमलं तर एखादी दळणाची ओवी म्हणणारी आजी तुमच्या कट्ट्यावर बोलवा. गावभागात अजून सापडेल कुणीतरी.

माणदेशी_गडी:
सापडली नाही तर आटपाडीहून पाठवतो. येताना गहू घेऊन येईल.